कपाटातले अल्फा कण

हे सगळं घडलं एकोणीसशे चौसष्ट साली. साल पक्कं ध्यानात राहिलं, कारण त्याच वर्षी दादानं स्टुडिओची पाटी नव्यानं रंगवून घेतली आणि रंगाऱ्यानं कोणी सांगितलं नसताना आपल्या सहीखाली सालही घालून ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाइकं तो आकडा स्टुडिओच्या स्थापनेचा समजायची आणि "नवीनच दिसतंय दुकान" म्हणायची. दादा खवळायचा. दुकान आमच्या वडिलांच्या वेळचं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वर घर, खाली स्टुडिओ. पुढे काउंटर, त्याच्यामागे फोटो काढायची खोली, तिथल्या पडद्यावर रंगवलेलं तळं आणि त्यात मान वाकडी झालेला एक हंस. सगळ्यात मागे डार्करूम. तिच्या बाहेर खिडकीशी एक लांब टेबल होतं, ते माझं आणि बेबीचं. बेबी ही दादाची एकुलती एक मुलगी. सत्तावीस वर्षांची झाली तरी बेबीच. मी तेव्हा चौतिशीत होते. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला आणि मी भावाकडे परत आले. त्यात काही मजा नाही, म्हणून ते इथे सांगत बसत नाही.

आमचं दोघींचं काम धुळीशी होतं. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की छापलेल्या फोटोत तिथे पांढरा ठिपका उमटतो. तो ठिपका आम्ही बारीक कुंचल्यानं, शेजारच्या रंगाशी मिळेल असा काळा-करडा रंग टेकवून बुजवायचो. हवा कोरडी असली की फार हाल. फिल्म पुसायला जावं तर घासण्यानं तिच्यावर वीज बसते आणि होती नव्हती ती सगळी धूळ तिला येऊन चिकटते. पुसावं तितकी मळते. पण आमच्या फोटोत डाग सापडायचा नाही. दादाचा तो अभिमान होता, आणि आमची मान त्यामुळे कायम दुखायची.

दादा माणूस चांगला. फक्त एक खोड होती. चांगली वस्तू घरात आली की तो ती "योग्य वेळेसाठी" वरच्या लोखंडी कपाटात ठेवून द्यायचा. नवा कोट, सोनेरी कडांचे कप, अत्तराची बाटली, परदेशी फिल्मचे रोल, सगळं तिथे. वहिनी म्हणायची, "आमच्या घरात नव्या वस्तूला थेट जन्मठेप."

त्याच कपाटात एक ब्रश होता. मऊ केसांचा, आणि केसांच्या मुळाशी जाळीआड धातूची एक पट्टी. कॅमेऱ्याचं सामान विकणाऱ्या व्यापाऱ्यानं, त्याला आम्ही सगळे एजंट म्हणायचो, तो चार वर्षांपूर्वी दादाच्या गळ्यात मारला होता. "पट्टीत पोलोनियम आहे. फिल्मवरून नुसता फिरवायचा. वीज गायब, धूळ गायब. जगात याच्यासारखी वस्तू नाही!" असं ऐकल्यावर दादा ती वस्तू वापरणं शक्यच नव्हतं. सीलसुद्धा न फोडता त्यानं ती कपाटात ठेवली आणि किल्ली वहिनीकडे दिली.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एक डेमॉन्स्ट्रेटर काही निगेटिव्ह घेऊन आला. मोठ्या प्रिंट हव्या होत्या, प्रबंधात लावायला. उंच, जरा वाकलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चार दिवसांनी तो प्रिंट न्यायला आला. एक उचलली, बघितली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली, उजेडात नेली.

"यातल्या रेघा कुठे गेल्या?"

"रेघा?" दादा छाती काढून म्हणाला. "आमच्याकडे एकही रेघ राहत नाही, साहेब. डाग नाही, रेघ नाही."

"अहो, पण फोटो रेघांचाच होता."

मग बेबी टेबलावरून उठून आली.

"बाकी काय होतं त्या फोटोत?"

"बाकी काही नव्हतं. धुकं होतं."

"सगळ्या पुसल्या मी," बेबी म्हणाली. "किती बारीक होत्या, माहीत आहे? पंख्यासारख्या एका ठिकाणाहून निघालेल्या. मला वाटलं तुमच्या कॅमेऱ्यात खडा अडकलाय. मनात म्हटलं, बिचाऱ्याला कोणी धड कॅमेरा दिला नाही."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि खो खो हसत सुटला. इतका की काउंटरवरचं गिऱ्हाईक बिचकलं. "अहो, ते अल्फा कण होते! पेटीतल्या धुक्यातून जाताना त्यांची अशी रेघ उमटते. पकडायला मला अख्खा उन्हाळा लागला."

बेबी लालेलाल झाली. पण निगेटिव्ह शाबूत होत्या. दुसऱ्यांदा प्रिंट काढताना तो स्वतः टेबलाशी येऊन बसला, म्हणजे ही रेघ आणि हा ओरखडा हे तिला दाखवता यावं म्हणून. ओरखडे चार-पाच होते. दाखवायला त्याला महिना लागला.

मी तिथेच बसलेली असायचे, तेव्हा शिकवणी माझीही झाली. तो सांगायचा की काही अणू फार जड असतात. त्यांच्या गाभ्यात इतकं ठासून भरलेलं असतं की ते सगळं कायम एकत्र राहू शकत नाही. मग कधीतरी त्यातून एक छोटं गाठोडं बाहेर पडतं. दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, एकत्र बांधलेले. तोच अल्फा कण.

"कधी पडतं?" बेबीनं विचारलं.

"एकेका अणूचं सांगता येत नाही. एखाद्यातून आत्ता, एखाद्यातून काही वर्षांनी. ढीगभर अणू असले तर निम्मे कधी संपतील ते मात्र अगदी नेमकं सांगता येतं."

"बाहेर ढकलतं कोण?"

"कोणी नाही. बाहेरून तापवा, दाबा, काही करा, फरक पडत नाही. भोवती भिंत असते, ती ओलांडायची ताकद खरं तर त्याच्यात नसते. तरी एक दिवस तो भिंतीबाहेर असतो."

वहिनी चहा घेऊन आली होती. ती कपबशा ठेवता ठेवता म्हणाली, "आणि बाहेर पडून जातो कुठे एवढा?"

"हवेतून दोन-तीन बोटं. मग थांबतो. साधा कागद आडवा धरला तरी पुढे जात नाही."

"इश्श! एवढंसं जायला एवढं तालेवार नाव?" वहिनी म्हणाली. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव अल्फा पडलं. समोर मात्र ती त्याला सर म्हणायची.

पाऊस संपायच्या आत बेबी आणि अल्फा एकमेकांवाचून राहू शकत नाहीत हे मला कळलं होतं, वहिनीला कळलं होतं, पडद्यावरच्या हंसालाही कळलं असावं. दादाला कळायचं होतं. एके दिवशी अल्फानं काउंटरशी उभं राहून, फोटोची पावती हातात चुरगाळत, सरळ विचारलं. दादा रागावला नाही. तो म्हणाला, "बघू."

हा "बघू" आम्हाला ओळखीचा होता. बेबीच्या प्रत्येक स्थळाला दादा बघू म्हणाला होता. स्थळ जितकं चांगलं तितका बघू लांब, कारण घाईनं चांगली वस्तू वाया जाते असं त्याचं मत. एजंटचा मुलगासुद्धा दोन वर्षं बघूवर होता. बेबी मला एकदा म्हणाली, "आत्या, मीपण त्या कपाटातच आहे. मला फक्त जेवायला बाहेर काढतात." ती हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही. अल्फाला तेव्हा दुसऱ्या गावच्या कॉलेजातून बोलावणं आलं होतं. पाकीट खिशात घालून तो फिरत होता. वर्ष संपायच्या आत दादा हो म्हणाला नाही तर तो निघून जाणार होता, आणि बेबी या टेबलाशी म्हातारी होणार होती. शेजारी मी होतेच, नमुन्यादाखल.

हिवाळ्याच्या तोंडावर नगरपालिकेच्या नव्या इमारतीत लावायला नगराध्यक्षांचा पुरुषभर उंचीचा फोटो करायचं काम दादाला मिळालं. एवढा मोठा करायचा म्हणजे निगेटिव्हवरचा धुळीचा कण फोटोत वाटाण्याएवढा होणार. त्यात हवा खडखडीत कोरडी. दादा वर गेला, वहिनीकडून किल्ली घेतली आणि ब्रशाचा डबा दोन्ही हातांवर धरून जिना उतरला. योग्य वेळ आली होती.

अल्फा टेबलाशी बसलेलाच होता. डबा बघून त्याचे डोळे चमकले.

"अरे वा! पोलोनियमचा ब्रश? कधी घेतलात, काका?"

"चार वर्षं झाली. पण एकदाही वापरला नाही हं. सील बघा, सील!"

अल्फाचा चेहरा उतरला. दादाच्या पाठीमागून बेबी मान हलवून "नको, नको" म्हणत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि पुढ्यातली प्रिंट उचलली. पण त्याची जात शिक्षकाची.

"काका, यातलं पोलोनियम आता... संपलं असणार."

"संपलं? अहो, फोडलाच नाही तर संपेल कसं?"

"ते फोडण्यावर नसतं. पोलोनियमचे अणू त्या जड अणूंपैकीच, त्यांच्यातून निघणारे अल्फाच वीज उतरवतात. दर साडेचार महिन्यांनी निम्मं होतं. मग निम्म्याचं निम्मं."

"वापरलं तर."

"वापरा, नाहीतर नका वापरू."

"म्हणजे माझ्या कपाटातून गेलं?" दादा वहिनीकडे वळला. "किल्ली कोणाकडे असते?"

"हे बरंय!" वहिनी कडाडली. "तुमचं पोलोनियम मी खाल्लं? आता पोळ्या लाटू की पोलोनियमवर पहारा देऊ?"

"काकू, त्याला हात लावला नाहीत तेच बरं," अल्फा घाईनं म्हणाला. "पोटात गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं. चोरी नाही झाली, काका. ते आतच आहे, शिसं होऊन. त्यातला अल्फा गेला की मागे शिसं उरतं."

"मी एजंटकडून शिसं घेतलं नव्हतं!" दादा म्हणाला. "सिद्ध करा."

दुसऱ्या दिवशी अल्फा कॉलेजातून एक मोजायचं यंत्र घेऊन आला. जुनं होतं. जाड काचेची नळी, वायर, आणि टकटक करणारं खोकं. नळी पट्टीजवळ धरली. खोकं गप्प. मधूनच एखादं टक, तेही रिकाम्या भिंतीकडे धरलं तरी व्हायचं तसंच.

"बघा," अल्फा म्हणाला.

दादानं हाताची घडी घातली. "सर, अल्फा कागदातून जात नाही असं तुम्हीच म्हणाला होतात ना? हिनंसुद्धा ऐकलंय. खरं ना?"

"हो, पण..."

"मग एवढ्या जाड काचेतून जाईल? आवाज येत नाही म्हणजे आत शंभर टक्के अल्फाच आहे!"

अल्फानं नळी खाली ठेवली. सगळं त्याचंच शास्त्र होतं, आणि एकही शब्द चुकीचा नव्हता. बेबी टेबलाखाली डोकं घालून कुंचला शोधायला लागली. कुंचला तिच्या हातातच होता.

मग रविवारी दुपारी तो एक काचेचा तुकडा आणि भिंग घेऊन आला. काचेवर पिवळट पूड लेपलेली होती. त्यावर अल्फा कण आदळला की ठिणगी पडते, पण ती दिसायला काळाकुट्ट अंधार लागतो आणि डोळे त्या अंधाराला सरावावे लागतात. अंधाराची आमच्याकडे वाण नव्हती. आम्ही पाचही जण डार्करूममध्ये शिरलो, दादानं लाल दिवासुद्धा बंद केला, आणि आम्ही बसून राहिलो. रसायनांचा आंबूस वास, नळाची टपटप, आणि कोणाची तरी चप्पल माझ्या पायावर.

"किती वेळ बसायचं?" वहिनीचा आवाज.

"डोळ्यांना सवय होईपर्यंत."

"माझी तीस वर्षं गेली यांच्या कारभाराची सवय व्हायला."

"गप्प बस गं," दादा म्हणाला. मग पट्टीसमोर धरलेल्या काचेवरच्या भिंगाला त्यानं डोळा लावला. बराच वेळ काही नाही. आणि मग त्याचा असा आवाज आला, जो मी वडील गेल्यापासून ऐकला नव्हता. लहान मुलासारखा.

"अगं... पडली. ती बघ, परत! अगं, हे तर आभाळ आहे!"

त्यानं मला जागा दिली. मी पाहिलं. मुंगीच्या डोळ्याएवढ्या ठिणग्या, इथे एक, तिथे एक, आवाज नाही, क्रम नाही. एक विझायच्या आत दुसरीकडे दुसरी. आयुष्यभर मी ठिपके बुजवत आले, आणि हे ठिपके बुजवायला मन झालं नसतं.

"जिवंत आहे!" दादा म्हणाला. "सर, जिवंत आहे की नाही? बोला."

त्या वेळी अल्फानं नुसतं "आहे" म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. दादानं त्याला मिठी मारली असती, लग्न तिथेच ठरलं असतं. बेबीची खुर्ची करकरली. मी देवाला म्हटलं, या मुलाला आजच्या दिवस थोडं कमी शिक्षण दे.

"आहे," अल्फा म्हणाला. मग सुस्कारा. "पण काका, हजारातला एखादा उरलाय. ब्रश नवा असता तर अशा वेगवेगळ्या ठिणग्या दिसल्याच नसत्या, सगळी काच उजळली असती. एवढ्यानं फिल्मवरची वीज उतरत नाही."

दादानं पुन्हा भिंगाला डोळा लावला. नंतर अंधारातूनच त्यानं विचारलं, "म्हणजे चार वर्षं हे असं चालू होतं? कपाटात? कोणी बघत नसताना?"

"रात्रंदिवस."

"आणि मी सील बघून खूश होत होतो," दादा म्हणाला, आणि दार उघडून बाहेर गेला. ब्रश अल्फानं डब्यात नीट बंद करून कॉलेजच्या कोठीत ठेवायला नेला. जाताना बेबीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला जाग आली ती कपाटाच्या आवाजानं. दादानं दोन्ही दारं सताड उघडली होती. नवा कोट त्याच्या अंगावर होता. बटणं आणि काजं यांच्यामध्ये वीतभर दादा होता. अत्तराच्या बाटलीचं बूच काढलं तर आत पिवळं पाणी, वास नावालाही नाही. वहिनीला त्यानं सोनेरी कडांच्या कपात चहा करायला लावला आणि स्वतः दोनदा घेतला. "सगळं वापरायचं," तो घरभर फिरत म्हणत होता. "आत्ता! आजच! ठेवलेलं राहत नाही, कळलं का तुम्हाला? सील असलं तरी राहत नाही!"

बेबीचा राग तिथल्या तिथे वितळला. "आत्या, बाबांना पटलं!" ती माझ्या कानात म्हणाली. "खरं बोलून पटलं!" तिनं केस नीट केले. तिसऱ्या प्रहरी दादानं अल्फाला चहाला बोलावणं पाठवलं. अल्फा इस्त्रीचा सदरा घालून आला. चष्म्याची काडीही नवी बसवली होती.

दादानं त्याला शेजारी बसवलं, सोनेरी कप हातात दिला. "सर, तुम्ही माझे डोळे उघडलेत. बेबीच्या बाबतीतही मी तेच करत होतो. थांब, थांब, थांब. आता नाही! लग्न ठरवून टाकलं."

अल्फानं कप बशीत टेकवला.

"सकाळीच एजंटकडे निरोप धाडला. त्याचा मुलगा दोन वर्षं वाट बघतोय, म्हणजे पहिला हक्क त्याचा. परवा येतायत बोलणी करायला. सगळ्यात आधी तुम्हाला सांगतोय, कारण हे सगळं तुमच्यामुळे!"

तुमचंही विचारणं माझ्या लक्षात आहे, वगैरे काही नाही. तो ते विसरलाच होता. त्याच्या मनात बघू म्हटलेली गोष्ट कपाटात जायची, आणि हे कपाट त्यानं अजून उघडलं नव्हतं. अल्फा उभा राहिला. पांढराफटक. आणि दादाचा हात हातात घेऊन म्हणाला, "अभिनंदन."

खाली टेबलाशी बेबीनं त्याला गाठलं.

"अभिनंदन म्हणालात? अभिनंदन?"

"तोंडातून निघून गेलं."

"तुमच्या तोंडातून कधी काय बाहेर पडेल तेही कोणाला सांगता येत नाही वाटतं!"

"मी पुन्हा विचारतो काकांना. आत्ता जातो."

"तुम्ही काही बोलायचं नाही. तुम्ही बोललात म्हणून ही वेळ आलीय. परवा इथे बसा, ओरखडे शोधा आणि गप्प राहा. आत्या, यांच्यावर लक्ष ठेव."

तिसऱ्या दिवशी एजंट आला. भरघोस मिशा, मोठा आवाज. बरोबर मुलगा, सज्जन, गुबगुबीत, बिस्किटांकडे लक्ष असलेला. दादा बटणं न लागणारा कोट घालून बसला होता. तारखेपर्यंत बोलणी आली. बेबीनं चहा दिला आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "काका, तो धूळ काढायचा ब्रश तुमच्याकडे अजून मिळतो हो?"

"मिळतो म्हणजे?" एजंट खूश झाला. "अगं, दोन पेट्या भरून आहेत गोदामात! तुझ्या बाबांना दिला ना, तेव्हाच एकदम घेऊन ठेवल्या. एकालाही हात लावलेला नाही. सील जसंच्या तसं!"

दादानं कप खाली ठेवला.

"चार वर्षं?"

"चार वर्षं. नवे कोरे."

"अरे, नवे कोरे कुठले! संपले ते!" दादा उठून उभाच राहिला. "त्यात अल्फा असतो. तो कोणाला विचारून जात नाही. तुझ्या गोदामाला कुलूप असो नाहीतर पहारा असो, तो आपला निघाला! साडेचार महिन्यांत निम्मा. मागे शिसं!"

"कोण निघाला?"

"अल्फा!"

"मला शिकवतोस? सामान मी विकतो की तू?"

"तू शिसं विकतोस!"

"बाबा," मुलगा बिस्किट गिळून म्हणाला, "डब्यावर तारीख आहे खरी. दरवर्षी बदला असंही लिहिलंय."

"तू खा!" एजंट त्याच्यावर ओरडला. मग दादाकडे वळला. त्याच्या मिशा थरथरत होत्या. "तीस वर्षं धंदा करतोय. माझा माल शिळा म्हणणारा तू पहिला. जो माझ्या मालाला शिळा म्हणतो, त्याच्या घरची मुलगी मी का करू? ठेव तिला, त्या कपाटात ठेव!" आणि तो धाडधाड जिना उतरून गेला. मुलगा मागे राहिला, हात पुसले, आम्हा सगळ्यांना नमस्कार केला. बेबीकडे बघून त्यानं जे तोंड केलं ते हसूच होतं. सुटकेचं.

दादा खाली बसला. "बघितलंस?" तो वहिनीला म्हणाला. "इतकी साधी गोष्ट याला कळत नाही. अशा घरात आपण मुलगी देणार होतो!" मग एकदम त्याचा चेहरा बदलला. "पण आता? दुसरं कोणी विचारलं होतं का गं बेबीला?"

"ते सर नाही का," वहिनी शांतपणे म्हणाली. "तुम्ही बघू म्हणालात."

"कधी?"

"पावसाळ्यात."

दादानं बोटांवर हिशेब केला आणि त्याला घाम फुटला. "अरे बापरे. अजून आहे का तो?"

तो उठला आणि पायऱ्या दोन-दोन उतरत खाली गेला, त्याच्यामागे आम्ही सगळ्या. अल्फा टेबलाशी सांगितल्याप्रमाणे गप्प बसला होता. मला वर बसावं लागणार म्हणून त्याच्यापुढचे रंग मी आधीच उचलून ठेवले होते, नाहीतर त्यानं कुंचला चहात बुडवला असता.

"सर," दादा धापा टाकत म्हणाला, "तुम्ही पावसाळ्यात काहीतरी विचारलं होतंत. तो विचार अजून तेवढाच आहे, की निम्मा झाला?"

अल्फानं बेबीकडे पाहिलं. ती दादाच्या मागोमाग येऊन शेवटच्या पायरीवर उभी होती.

"बोला आता," ती म्हणाली.

"तेवढाच आहे, काका."

"मग कसली वाट बघताय?" दादा ओरडला. दोघांनी पुढे आयुष्यभर या वाक्याची नक्कल केली.

महिन्याभराच्या नोटिशीनंतर कचेरीत जाऊन सह्या झाल्या. दादानं स्वतः फोटो काढले, आणि हट्टानं कपाटातल्या परदेशी फिल्मवर काढले. तिची मुदत केव्हाच टळलेली होती. सगळ्या निगेटिव्ह धुरकट निघाल्या. गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या मुलीच्या लग्नाचा एकही फोटो नाही.

नगराध्यक्षांचा फोटो आम्ही दोघींनी कुंचल्यानं साफ केला. बेबीनं त्यांच्या पायांकडून सुरुवात केली, मी डोक्याकडून, आणि पोटावर आमची गाठ पडली. फोटो भिंतीवर चढायच्या आत ते निवडणूक हरले. नव्या नगराध्यक्षांनी त्याच चौकटीत आपला फोटो लावला. तोही आमच्याकडेच केला.

एजंटनं दोन्ही पेट्या वर्षाच्या आत खपवल्या. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही, उलट दोघांनी अजून मागवले. दादाशी तो पुन्हा बोलला नाही, पण दादा आजारी पडला तेव्हा रोज संध्याकाळी येऊन काउंटरशी बसून जायचा. त्याच्या मुलानं पुढे बेकरी काढली, आणि ती उत्तम चालली.

दादा ब्याऐंशी साली गेला. शेवटपर्यंत तो येईल त्या गिऱ्हाइकाला अल्फा समजावून सांगायचा आणि दर वेळी थोडा जास्त चुकवायचा. जावई समोर असला तरी त्याला दुरुस्त करायचा नाही. एवढं तो आमच्या घरात शिकला. वहिनी त्याच्यानंतर अकरा वर्षं होती. सोनेरी कपांतला शेवटचा कप तिनंच फोडला आणि "संपले एकदाचे" म्हणून समाधानानं केर भरला.

दुसऱ्या गावचं बोलावणं अल्फानं परत पाठवलं. त्याचा प्रबंध मंजूर झाला, बढती मात्र कधी झाली नाही, कारण मुलाखतीत त्याला जे विचारत त्याचं तो खरं उत्तर द्यायचा. निवृत्त झाला तेव्हा त्याचे विद्यार्थी तीन देशांतून आले होते. सहा वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला. बेबीनं रंगीत फोटो येईपर्यंत आणि नंतरही बरीच वर्षं स्टुडिओ चालवला, दोन मुली वाढवल्या. त्यांच्या लग्नांना तिनं "बघू" हा शब्द उच्चारला नाही. त्यांनी तिला विचारलंही नाही.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा हंसाचा पडदा कोणीच घेतला नाही. मी आणि बेबी अजून वरच राहतो. माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू कापून झालेत. सकाळी ती मला पेपर वाचून दाखवते, आणि मधल्या कंटाळवाण्या बातम्या गाळते. मला कळतं, पण मी काही म्हणत नाही.